वाढत्या मापाची सॅक

नेरूळच्या माझ्या गाळ्यात शिरलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न हमखास एकच विचारायचं, "काकू, हलक्यात हलकी सॅक कुठली?" आणि माझा उलटा प्रश्नही ठरलेला, "सामान कुठाय तुमचं?" सामान घरी आहे म्हटलं की मी म्हणायचे, मग तुम्हीही घरी जा. चार-सहा दिवस डोंगरात काय काय नेणार ते सगळं घेऊन या, इथं सतरंजीवर मांडा, मग सॅकचं बोलू. फटकळ बाई म्हणून सेक्टरभर माझं नाव झालं होतं, ते काही उगाच नाही.

मी मूळची साताऱ्याकडची. आमच्या ह्यांना तुर्भ्याला कंपनीत नोकरी लागली म्हणून नेरूळला आले. आधी शाळेची दप्तरं शिवायचे, स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवायचे. एकदा कॉलेजची पोरं एक फाटकी परदेशी सॅक घेऊन आली, कुणाच्या तरी मामानं आणलेली. ती उसवून आतलं बघितलं आणि मला त्या वस्तूचं वेडच लागलं. नव्वदच्या दशकात तसल्या सॅक इथं सहज मिळत नव्हत्या. आपल्याकडे होत्या त्या कॅनव्हासच्या, रिकाम्याच अशा जड की उचलूनच माणूस दमावा. मी पॅराशूटचं कापड आणायला लागले, सोफेवाल्याकडून फोम, आणि पाठीच्या आत ताठपणासाठी घालायच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या शेजारच्या गाळ्यातल्या बाळारामकडून. बाळाराम तळवलीचा. त्यांची भातशेती सरकारनं घेतली आणि हा नव्या इमारतींना सरकत्या खिडक्या बसवायला लागला. त्या काळात नवी मुंबईत खिडक्यांना तोटा नव्हता, त्यामुळे मला पट्ट्यांचाही नव्हता.

आता धंद्यातली गोष्ट सांगते, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सॅक माणसाच्या उंचीवर घेत नाहीत, पाठीवर घेतात. मान खाली घातली की मागे एक मणका टुचकन वर येतो. तिथून टेप लावायची ती खाली कमरेच्या दोन हाडांच्या रेषेपर्यंत. तेवढी तुमची पाठ. सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते आणि बुटक्याची लांब. सॅकचा कमरपट्टा बरोबर त्या हाडांवर बसला तर निम्म्याहून जास्त ओझं कमरेवर जातं आणि खांदे मोकळे राहतात. पट्टा खाली मांड्यांवर घसरला तर सगळं खांद्यांवर लोंबकळतं, आणि मग सॅक कितीही हलकी असो, दुसऱ्या दिवशी माणूस रडतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असायची. एक जोडपं हनिमूनला म्हणून डोंगरात निघालेलं. तिच्या साड्यांना घड्या पडू नयेत अशी सॅक हवी होती. एका काकांनी सतरंजीवर प्रेशर कुकर मांडला. "अहो, हा कशाला?" तर म्हणे, वर डाळ शिजत नाही. मी कुकर ठेवून घेतला आणि त्यांना डाळीच्या पिठाची पाकिटं नेऊन पिठलं करा म्हटलं. परत आल्यावर कुकर न्यायला आले तेव्हा पेढे घेऊन आले. एक जण बावीस खिसे सांगून गेला. प्रत्येक खिसा म्हणजे कापड, चेन, शिलाई, म्हणजे वजन. हे त्याच्या डोक्यात शिरेपर्यंत माझा घसा बसला.

पण ह्या सगळ्यांपेक्षा मला राग यायचा तो एका वाक्याचा. "जरा वाढत्या मापाची द्या." आपल्या मध्यमवर्गाची ही जुनी खोड. पोराचा गणवेश वाढत्या अंगाचा, बूट दोन नंबर मोठे आणि पुढे कापूस. मग सॅक तरी का सुटावी? "घरात सगळ्यांना चालेल अशी द्या." म्हणजे बापाला, लेकाला, लेकीला आणि उद्या जावयाला. अहो, ती काय पातेली आहे का? अशा माणसाला मी सरळ दरवाजा दाखवायचे.

रेवती पाठक दाराशी आली ती अशीच एक सॅक पाठीवर घेऊन. खरं तर आधी सॅकच आली आणि मग तिच्याखाली दोन पाय दिसले. कॉलेजातली पोर, चणीनं चिमुकली. सॅक निळी, कोरी, मुंबईच्या दुकानातली, चांगल्या कापडाची. पण वरचं टोक तिच्या डोक्याच्या वर आणि कमरपट्टा खाली मांड्यांवर.

"कुणी घेऊन दिली ही?" मी विचारलं.

"बाबांनी. म्हणाले, वाढत्या मापाची आहे, पुढे सगळ्यांना होईल." आणि तिचे डोळे एकदम भरून आले. "काकू, ही छोटी करून द्या ना, प्लीज. पण बाबांना कळता कामा नये."

खाली बसवून पाणी दिलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. नेरूळच्याच एका ग्रुपबरोबर ती मे महिन्यात हिमालयात पायी निघाली होती, चांगला मोठा पल्ला. ग्रुपचे म्होरके नाडकर्णी सर. त्यांचा नियम कडक. आधी खारघरचा डोंगर पूर्ण सामानासकट चढून दाखवायचा, पाठीवरची सॅक वाटेत एकदाही खाली ठेवायची नाही, कुणी हात लावायचा नाही. जो ठेवील तो घरी. आईचा तर सुरुवातीपासून विरोधच. बाबांनी महत्प्रयासानं होकार दिला, तो एका अटीवर. सरांच्या परीक्षेत पास झालीस तर जा, नाहीतर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही.

"मग बाबांना सांग की सॅक मोठी होतेय."

"सांगितलं तर आई म्हणेल, बघा, हिला सॅकसुद्धा पेलत नाही. आणि बाबांनी इतक्या हौसेनं आणलीय काकू. घरभर पाठीवर लावून फिरत होते. त्यांना कसं सांगू, ही चुकीची आहे म्हणून?"

परीक्षा त्याच रविवारी होती. मी तिची पाठ मोजली. वीतभर कापड कमी करावं लागणार होतं, पाठीचं आणि तळाचंही. "कापूनच टाका," ती म्हणाली. "आत दुमडून ठेवलंत तर उगाच वजन राहील. मला एकेक ग्रॅम जड आहे." तेही खरंच होतं. बाबांना सॅक सरांकडे पॅकिंग शिकायला ठेवलीय असं सांगायचं ठरलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण त्या पोरीचं तोंड बघून मी शब्द दिला.

दोन दिवसांनी दुपारी मी ती सॅक उसवून टेबलावर पसरली. जुन्या लांब पट्ट्या काढून बाजूला ठेवल्या, नव्या आखूड बाळारामला कापायला सांगितल्या. कापडावर खडूची रेघ मारली. कात्री उघडून रेघेवर ठेवली आणि दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात पिशवी.

"सॅकवाल्या काकू आपणच ना? मी पाठक. माझी मुलगी हिमालयात जातेय."

हाताशी पडलेली चादर ओढून मी टेबलावर टाकली आणि वर दोन्ही हात रोवून उभी राहिले. चादरीच्या कडेला निळं कापड बोटभर दिसत होतं. मी पोट पुढे करून ते झाकलं.

"बसा ना," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

पाठक बसले आणि त्यांनी पिशवीतून एक नाडी काढली, परकराची असते तसली. तिला दोन गाठी मारलेल्या. "ह्या गाठीपर्यंत सॅकची उंची, ह्या गाठीपर्यंत घेर. मी आधीच मोजून ठेवलं होतं. पावसासाठी वरून घालायचं कव्हर शिवून द्या. तिला माहीत नाही, रविवारी देईन म्हणतो. आणि रंग लाल करा. धुक्यात मागे राहिली तर लांबून दिसली पाहिजे."

मोठ्या सॅकचं कव्हर शिवायचं आणि ती सॅक इथे माझ्या पोटाखाली उसवून पडलेली. इकडे आड, तिकडे विहीर. तेवढ्यात बाळाराम आत शिरला, हातात चकचकीत पट्ट्या.

"काकू, ह्या घ्या, कापून आनल्या. त्या पोरीच्या सॅकच्या..."

"खिडकीच्या!" मी ओरडलेच. "माझ्या घरच्या खिडकीच्या ना? ठेव तिकडं आणि जा."

"खिरकीच्या कशा? ह्या तर..." त्यानं माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मग पाठकांकडे, मग चादरीकडे. माणूस हुशार. "हां हां, खिरकीच्याच. मच्छर लय हाय ना तुमच्याकरं." आणि पट्ट्या ठेवून पसार झाला.

पाठकांचं लक्षच नव्हतं. ते भिंतीवर टांगलेल्या सॅक बघत होते. उठून एकीच्या पट्ट्याला हात लावला, आत फोम कसा आहे ते चाचपून पाहिलं. माझ्याकडे त्यांची पाठ होती. आणि मला सवयच ना, माणूस पाठमोरा झाला की नजर आपोआप मणक्यापासून कमरेपर्यंत जाते. गेली, आणि मी चरकले. ती निळी सॅक ह्यांच्या मापाची होती. वाढत्या मापाची कसली, नेमकी ह्यांच्या पाठीची.

"सॅक तुम्ही स्वतःच्या पाठीला लावून घेतलीत?" मी विचारून बसले.

ते वळले. चोरी करताना पकडलेल्या पोरासारखं तोंड झालं. मग हसले. "गिरगावात होतो तेव्हा आमचे मित्र दर उन्हाळ्यात जायचे. माझ्यामागे वडिलांचं आजारपण, बहिणींची लग्नं. मी त्यांना पोचवायला स्टेशनवर जायचो. एकेकाची सॅक वर चढवून द्यायचो आणि गाडी हलली की खाली उतरायचो." मग हळूच म्हणाले, "एकदा रेवती जाऊन आली, घरातली भीती मोडली, की मग मी जाईन म्हणतो. म्हणून अशी घेतली. पण हे तिला बोलू नका हं. आणि घरी तर मुळीच नाही. हसतील."

"नाही बोलणार," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ते गेल्यावर मी चादर काढली. कात्री तशीच रेघेवर उघडी पडली होती. एकाचं ओझं वाढवावं की दुसऱ्याची हौस कापावी? मी स्वतःवरच चिडले. म्हटलं, बाई, तुला सॅक शिवायला बसवलीय, लोकांच्या घरात नाक खुपसायला नाही. पोरगी कापा म्हणतेय, सॅक तिची, परीक्षा तिची. कात्रीत बोटं घातली, पुन्हा काढली. शेवटी कात्री खणात टाकून दिली आणि वीतभर कापड आत दुमडून, सपाट दाबून, वरून शिवून घेतलं. जुन्या पट्ट्या कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. रेवतीनं सॅक नेली तेव्हा पाठीला अशी बसली की पोर नाचायलाच लागली. "कापलंत ना जास्तीचं?" तिनं विचारलं. "बसली ना नीट?" मी म्हटलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

लाल कव्हर नाडीच्या मापानं शिवून दिलं. ते घ्यायला आले तेव्हा पाठक म्हणाले, "रविवारी या की तुम्हीही. तुमच्या कितीतरी सॅक चढणार आहेत." मी हो म्हटलं, कारण घरी बसून माझा जीव राहिलाच नसता. तोवर मी आयुष्यात एक डोंगर चढले नव्हते. बाळारामनं टेम्पोनं पायथ्याशी सोडलं. म्हणाला, "काकू, तुमाला सॅकमंदी भरून नेऊ का?" मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

एप्रिलचा महिना. सकाळीच ऊन चटचट करत होतं. पाठक आणि मी पोरांच्या आधी निघालो, रिकाम्या हातानं, तरी माझ्या छातीचा भाता झाला. पाठक माझ्यापुढे झपाझपा चालत होते. वरच्या चढाच्या टोकाशी एका दगडावर बसलो. खाली बेलापूरच्या इमारती आणि पलीकडे खाडी. पाठकांच्या मांडीवर लाल कव्हराची गुंडाळी. लेक वर पोचल्याच्या आनंदात ते सॅककडे नीट बघणार नाहीत, आणि लांबून तर काय कळतंय, असं मी मनाला समजावत होते.

एकेक पोरगा वर यायला लागला. शेवटून दुसरी रेवती. मागे नाडकर्णी सर. शेवटचा चढ घसरड्या मातीचा, धरायला सुकलेलं गवत. ती निम्म्यावर आली आणि थांबली. पुन्हा दोन पावलं टाकली आणि मागे झोकांडी गेली. हात टेकले, गुडघ्यावर बसली. सॅक पाठीवरच होती, पण खांदे खाली ओढले गेले होते आणि तोंड लालबुंद. तिला श्वासही पुरत नव्हता. माझं कापड! ती कापा म्हणत होती आणि मी शहाणपणा केला.

"पुरे, रेवती," सर म्हणाले. "ठेव खाली. पुढच्या वर्षी बघू."

रेवतीनं मान हलवली, पण उठता येईना. पाठक दगडावरून उठले आणि घसरत घसरत तिच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, सॅक खालून उचलून धरायला. त्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या सॅक उचलल्या होत्या, त्याचे हात आपोआपच गेले.

"पाठकसाहेब, हात लावू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की सरसुद्धा दचकले. मी बसकण मारून त्या चढावरून खाली सरकत गेले, साडीची पर्वा केली नाही. जवळ गेल्यावर दिसलं. घामानं कमरपट्टा सैल होऊन खाली घसरला होता. सगळं ओझं खांद्यांना लटकत होतं. "रेवती, माझ्याकडं बघ. खांद्यांचे पट्टे ढिले कर. कर म्हणते ना! आता पुढे वाक, सॅक पाठीवर आडवी पडू दे. कमरपट्टा वर घे, हाडांवर. हाडं सापडली? आता आवळ. अजून. श्वास कोंडून आवळ. आता खांद्यांचे ओढ."

तिच्या बोटांतून बक्कल दोनदा निसटलं. मी तिथं हातभर अंतरावर आणि मला हात लावायची सोय नाही. तिसऱ्यांदा पट्टा आवळला गेला. ती एक क्षण तशीच राहिली. मग एक पाय रोवला, दुसरा रोवला आणि उभी राहिली. चढत गेली, वरपर्यंत.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं ते मी पदरात पुसलं. मग पाठकांकडे बघितलं. ते अजून तिथंच उभे होते, दोन्ही हात पुढे तसेच. लेकीच्या पाठीमागे एवढ्या जवळ उभं राहिल्यावर कुणालाही दिसलं असतं, आखूड झालेली पाठ, नवी शिलाई. त्यांनी हात खाली घेतले, पँटला पुसले.

"बरं केलंत," ते मला म्हणाले. "तिच्याच मापाची हवी होती."

"अहो, पण ऐका..." मी म्हणते तोवर वरून रेवती हाका मारायला लागली. ते वर गेले, तिला जवळ घेतलं, लाल कव्हर दिलं. ते तिच्या सॅकला ढगळ झालं, झोळीसारखं लोंबायला लागलं. "असू दे," पाठक म्हणाले, "गाठ मार खालून." दोघंही त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. तिला वाटलं, बाबांच्या लक्षात आलं नाही. त्यांना वाटलं, सॅक कापली. आणि मी दोघांना दिलेल्या शब्दात अडकून बसलेली.

रेवती हिमालयात गेली. मधे एकदा पाठक भाजीबाजारात दिसले. मी लगबगीनं गेले, तर शेजारी त्यांची बायको, कोथिंबीर निवडत. त्यांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. "तो विषय नको काकू. लेक गेली, तेच मोठं," हळूच म्हणाले आणि पिशवी बायकोपुढे केली. बायकोसमोर त्यांचं गुपित कसं फोडू? मेथीची जुडी घेऊन मी घरी आले आणि मुकाट्यानं निवडत बसले.

जून लागला आणि बापलेक दोघं गाळ्यात आले. रेवती काळवंडलेली, नाकाची सालं निघालेली, बोलणं थांबत नव्हतं. सॅकचं एक बक्कल तुटलं होतं. पाठक आभार मानायला आले होते. मी म्हटलं, आता बास. शब्द गेले चुलीत.

"बसा दोघं," मी म्हटलं आणि सॅक रिकामी करून टेबलावर उलटी केली. उसवणी घेतली आणि माझीच शिलाई टराटरा उसवायला लागले.

"अहो काकू, काय करताय? बक्कल तुटलंय फक्त!" रेवती किंचाळली.

दुमडलेलं कापड बाहेर आलं. बाकीची सॅक उन्हानं विटली होती, आणि हा पट्टा निळाभोर, दुकानातून आणला तसा. रेवती बघतच राहिली. मग तिचा राग उसळला. "म्हणजे कापलंच नव्हतं तुम्ही? हे ओझं मी एवढं सगळं वागवलं? मी तुम्हाला सांगितलं होतं ना काकू! का ठेवलंत हे?"

"तुझ्या बापाला विचार."

पाठक त्या निळ्या पट्ट्यावर हात ठेवून उभे होते. मी स्टुलावर चढून माळ्यावरच्या जुन्या लांब पट्ट्या काढल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. रेवतीनं पट्ट्यांकडे बघितलं, सॅककडे बघितलं, मग बाबांकडे. घरभर पाठीवर लावून फिरणारे बाबा तिला आठवले असणार. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"बाबा, तुम्हाला जायचं होतं?"

"छे गं. आता ह्या वयात..."

तिनं माझ्या गळ्यातली टेप ओढून घेतली. "मान खाली घाला," ती म्हणाली. पाठकांनी निमूट मान खाली घातली. तिनं मणका शोधला, कमरेचं हाड चाचपलं, अगदी मी तिचं केलं होतं तसं. मी लांब पट्ट्या आत सरकवल्या, उसवलेल्या कडा नीट शिवल्या, नवं बक्कल लावलं. रेवतीनं त्यात माझी कापडाची ठाणं भरली, फोमचे तुकडे भरले, वरून कात्रीचा डबा ठेवला. सॅक त्यांच्या पाठीवर चढवली, कमरपट्टा हाडांवर घेतला आणि करकचून आवळला. पाठकांच्या इस्त्रीच्या शर्टाची पार वाट लागली.

"आता स्टेशनपर्यंत जाऊन या," रेवती म्हणाली. नियम नाडकर्णी सरांचाच होता. "मधे खाली ठेवायची नाही. आणि बाबा, कुणाला हात लावू द्यायचा नाही."